अंगोऱ्याचा स्वेटर आणि तिघीजणी

१९५३ सालच्या एका अमेरिकन सिनेमात शेवटी शेवटी एक मुलगी अंगातला स्वेटर काढते आणि होणाऱ्या नवऱ्याच्या हातात देते. ‘ग्लेन ऑर ग्लेन्डा’ हे त्या सिनेमाचं नाव. सिनेमा म्हणून तो कच्चाच आहे. मोजक्या दिवसांत, तुटपुंज्या पैशांत उरकलेला. मधूनच ‘ड्रॅक्युला’ म्हणून गाजलेला बेला लुगोसी येतो आणि कोड्यात बोलल्यासारखं काहीतरी बोलून जातो. तरी त्या स्वेटरपाशी मी दरवेळी थांबते.

गोष्ट साधी आहे. ग्लेनचं बार्बराशी लग्न ठरलंय. त्याचं तिच्यावर मनापासून प्रेम आहे. पण त्याला बायकांचे कपडे घालायला आवडतात आणि हे तिला ठाऊक नाही. त्यातही तिचा अंगोऱ्याचा स्वेटर त्याच्या मनात भरलाय. अंगोरा ही सशाची एक जात. तिची लोकर इतकी तलम असते, की विणलेल्या कपड्याभोवती तंतूंचं एक मऊ वलय उभं राहतं. बार्बरा समोर बसून बोलत असते आणि ग्लेनची नजर त्या बाहीवर खिळलेली असते. तिला वाटतं, हा आपल्याकडे बघतोय. आता तिला सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर लग्नाआधी की नंतर, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्याच्या एका मित्राने बायकोपासून हेच लपवलं होतं. तिला कळलं आणि ती सोडून गेली. म्हणून ग्लेन लग्नाआधी सांगायचं ठरवतो. बार्बरा सगळं ऐकून घेते, आणि मग तो स्वेटर.

ग्लेनचं काम करणारा, सिनेमा लिहिणारा आणि दिग्दर्शित करणारा माणूस एकच होता: एड वूड. नटांच्या यादीत त्याने स्वतःचं नाव ‘डॅनियल डेव्हिस’ असं लावलं होतं. डिसेंबर १९५२ मध्ये ख्रिस्तीन जॉर्गेन्सन या अमेरिकन तरुणीच्या लिंगबदलाची बातमी जगभर गाजली होती आणि निर्मात्याला त्या लाटेवर स्वार होणारा सिनेमा हवा होता. वूडने त्याला स्वतःचीच कहाणी करून दिली. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या मरीन दलात लढलेला सैनिक होता, आणि बायकांच्या कपड्यांची ओढ त्याला आधीपासून होती. बार्बराचं काम केलं डोलोरेस फुलरने, म्हणजे त्याच्या खऱ्याखुऱ्या प्रेयसीने.

पडद्यावर डोलोरेसने स्वेटर दिला. प्रत्यक्षात मात्र आपण कशाबद्दलच्या सिनेमात काम करतोय, याची पुरती कल्पनाच तिला नव्हती, असं तिने पुढे सांगितलं. तयार सिनेमा पाहिला तेव्हा ती शरमून गेली. दोनेक वर्षांत ती त्याला सोडून गेली, गीतकार झाली आणि एल्विस प्रेस्लीने तिची गाणी गायली. १९५६ मध्ये वूडने नॉर्मा मॅकार्टी या नटीशी लग्न केलं. तिला ही आवड कळली आणि ते लग्न थोड्याच दिवसांत मोडलं. त्याच वर्षी त्याच्या आयुष्यात कॅथी आली. ती राहिली. कामं मिळेनाशी झाली, दारू वाढली, भाड्याच्या घरातून दोघांना बाहेर काढलं गेलं आणि त्यानंतर काही दिवसांतच, १० डिसेंबर १९७८ रोजी, तो गेला. तोवर कॅथी त्याच्याबरोबर होती. ती २००६ पर्यंत जगली. तिने पुन्हा लग्न केलं नाही.

माणूस एक, गुपित एक आणि तिघींची उत्तरं तीन. या विषयावर लिहिलेलं बहुतेक सगळं त्याच्याबद्दल असतं, त्याची घुसमट, त्याचं बालपण, त्याचं धाडस. ते लिहिलं जायला हवंच. पण मला तिच्याबद्दल, अशा माणसाच्या बायकोबद्दल, लिहावंसं वाटतं. कारण त्याने सांगून टाकलं की त्याच्या छातीवरचा धोंडा उतरतो आणि त्याच क्षणी तो तिच्या छातीवर येऊन बसतो. त्याला निदान सांगायला ती होती. तिने कोणाला सांगायचं? आईला? नणंदेला? शेजारणीला?

पण आधी ही आवड म्हणजे नेमकं काय, ते नीट समजून घेऊ. कारण तिच्या मनात पहिल्या रात्री जे प्रश्न उठतात, त्यांतले अर्धे गैरसमजातून आलेले असतात.

मॅग्नस हिर्शफेल्ड या जर्मन डॉक्टरने १९१० साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. विरुद्ध लिंगाचे कपडे घालण्याची ओढ असलेल्या १७ जणांचा त्यात बारकाईने अभ्यास होता. लॅटिनमधल्या ‘पलीकडे’ आणि ‘वस्त्र’ या अर्थांच्या दोन शब्दांतून त्याने ‘ट्रान्सव्हेस्टाइट’ हा शब्द घडवला. आज तो शब्द मागे पडलाय. मंडळी स्वतःला ‘क्रॉसड्रेसर’ म्हणवतात, आपल्याकडे आपसांत नुसतं ‘सीडी’. हिर्शफेल्डच्या ग्रंथापर्यंत सगळे धरून चालले होते की साडीचोळीची हौस असलेला पुरुष म्हणजे पुरुषांकडे ओढला जाणारा पुरुष. हिर्शफेल्डने दाखवून दिलं की त्याच्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांचं मन स्त्रियांवरच जडत होतं आणि कितीतरी जण संसारी होते. रस्त्यावर पोलिसांनी पकडू नये म्हणून अशा लोकांना बर्लिनमध्ये एक परवाना मिळत असे. त्यातही हिर्शफेल्डचा पुढाकार होता. मे १९३३ मध्ये नाझींनी त्याची संस्था लुटली आणि तिथली पुस्तकं भर चौकात जाळली. हे ज्ञान मागे का राहिलं, त्याचं एक कारण त्या राखेत आहे.

त्याचं निरीक्षण पुढेही खरं ठरलं. १९९७ मध्ये अमेरिकेत १०३२ क्रॉसड्रेसर पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ८७ टक्क्यांनी आपल्याला स्त्रियांचंच आकर्षण असल्याचं सांगितलं. ८३ टक्क्यांचं कधी ना कधी लग्न झालेलं होतं आणि ६० टक्के त्या वेळीही विवाहित होते. आता स्वीडनमधली २००५ सालची पाहणी घ्या. २४५० स्त्री-पुरुषांना विचारलं गेलं, की असे कपडे घालून लैंगिक उत्तेजना कधी अनुभवलीत का. पुरुषांतल्या २.८ टक्क्यांनी हो म्हटलं, स्त्रियांतल्या ०.४ टक्क्यांनी. यात आवडीचा एकच पैलू मोजलाय. कारण काहींना उत्तेजना वाटते, काहींना निव्वळ निवांतपणा, आणि अनेकांच्या बाबतीत तारुण्यातली उत्तेजना वयाबरोबर ओसरून शांतपणा तेवढा उरतो. पण शंभरात जवळजवळ तीन हा आकडा लहान नाही. एखाद्या मध्यम कार्यालयातल्या लग्नाला जेवढे पुरुष जमतात, त्यांत असे चार-पाच जण सहज असू शकतील.

म्हणजे क्रॉसड्रेसर वेगळा, समलिंगी पुरुष वेगळा आणि ट्रान्स स्त्री वेगळी. ट्रान्स स्त्री मुळात स्त्रीच असते, कपडे हा तिच्यासाठी दुय्यम भाग. क्रॉसड्रेसर तासाभराने साडी घडी करून ठेवतो आणि पुन्हा पुरुष म्हणून जगतो, त्याला तसंच जगायचं असतं. रंगमंचावर स्त्रीवेश करणारा नट आणखी वेगळा. तो प्रेक्षकांसाठी नटतो आणि हा बहुधा आरशासाठी. या चौकटी पक्क्या भिंतींच्या मात्र नाहीत. त्याकडे मी पुढे येते, कारण बायकोची खरी भीती तिथेच आहे.

स्त्रीवेश आपल्याला नवा नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगमंचावर शालू नेसून आले की घरंदाज बायका त्यांचं नेसणं, अंबाडा, दागिने निरखत आणि घरी जाऊन तसंच करून पाहत. दक्षिण कोकणातल्या दशावतारात परंपरेने सगळ्या भूमिका पुरुषांच्याच. दिवसा शेतात राबलेला गडी रात्री देवळापुढे द्रौपदी होतो आणि गाव त्याला हात जोडतं. तमाशातली मावशी तर पुरुषच हवी. एवढं सगळं पचवलेल्या समाजात घरच्या कपाटापुढे उभा राहून कोणी साडी नेसली, तर एकच शब्द पुढे येतो: ‘बायल्या’. शाळेच्या मैदानावर शिकलेला हा शब्द माणूस जन्मभर विसरत नाही. आणि तो शिवी का आहे, हेही बघा. बायकोने नवऱ्याचा जुना सदरा घरात घातला तर कोणी मान वर करून बघत नाही. मुलीने जीन्स-शर्ट घालून मोटारसायकल हाकली तर कौतुक होतं. बाईने पुरुषासारखं दिसणं म्हणजे पायरी चढणं आणि पुरुषाने बाईसारखं दिसणं म्हणजे पायरी उतरणं, अशी आपली समजूत आहे. त्या शिवीत खरा अपमान बाईचा आहे.

रंगमंचाला मिळणारं अभयही घरापर्यंत पोचत नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीवरचा रवी जाधवांचा सिनेमा २०१० मध्ये आला आणि महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला. त्यातला गुणा पिळदार अंगाचा पैलवान गडी आहे. तमाशाच्या वेडापायी तो नाच्या होतो. हौस त्याला तमाशाची आहे, बाईच्या कपड्यांची नव्हे. पण घरी त्याच्या बायकोच्या, द्वारकेच्या वाट्याला जे येतं, ते तेच असतं: गावाच्या नजरा, पोराला चिडवणं, माहेरी मान खाली. गुणासाठी आपण रडलो. द्वारकेसाठी किती जण रडले?

आता गुपिताकडे येते. बहुतेकांच्या आठवणीत याची सुरुवात लहानपणी असते, वयात येण्याच्या आधी किंवा त्याच सुमाराला. घरी कोणी नसताना ताईचा परकर, आईची ओढणी. मग घाबरून घडी तशीच्या तशी घालून ठेवणं. कमवायला लागल्यावर स्वतःची खरेदी सुरू होते. दुकानात ‘बहिणीसाठी हवंय’ म्हणून सांगायचं. एक ट्रंक माळ्यावर जाते. मग एक दिवस स्वतःची किळस येते, सगळं गाठोडं बांधून कचऱ्यात जातं किंवा जाळलं जातं, देवापुढे शपथ घेतली जाते. काही महिने जातात आणि पुन्हा पहिली खरेदी होते. हे चक्र इतक्या जणांच्या बाबतीत इतकं सारखं आहे, की इंग्रजीत त्याला खास नाव पडलंय. जुलाब देऊन पोट साफ करण्यासाठी जो शब्द वापरतात, तोच.

या चक्रातली सगळ्यात मोठी शपथ म्हणजे लग्न. ‘लग्न झालं की सगळं ठीक होतं’ हे वाक्य आपल्याकडे दारूपासून उदासीपर्यंत सगळ्यावर औषध म्हणून दिलं जातं. मुलगाही त्यावर मनापासून विश्वास ठेवतो. साखरपुड्याच्या आधी ट्रंक रिकामी होते. होणाऱ्या बायकोला फसवायचं असं त्याच्या मनात नसतं, तो खरोखर सुटल्यासारखा असतो. वर्ष-दोन वर्षं सुटलेलाच राहतो. मग एका दुपारी ती माहेरी गेलेली असते आणि कपाटाला कुलूप नसतं.

आणि मग तिला कळतं. कसं कळतं, ते बायकांच्या कहाण्यांतून पुन्हा पुन्हा तसंच येतं. गेले सहा महिने तिने घातलेलाच नाही, अशा ब्लाउजची काखेतली शिवण उसवलेली. लिपस्टिकचं टोक बोथट झालेलं. त्याच्या बॅगेच्या तळाशी बायकी कपडे, आणि तेही तिच्या मापाचे नाहीत. पहिला संशय येतो दुसऱ्या बाईचा. ती बाई तो स्वतःच आहे हे कळतं तेव्हा सुटका वाटावी की आणखी हादरावं, हे अनेकींना ठरवता येत नाही. दुसऱ्या बाईशी निदान भांडता येतं.

तिचे प्रश्न बहुधा तीन असतात. याला पुरुष आवडतात का? बहुतेकदा नाही, हे वरच्या आकड्यांनी सांगितलं. मी कुठे कमी पडले का? नाही, कारण हे तिला भेटण्याच्या कितीतरी आधीचं आहे आणि तिच्या दिसण्या-वागण्याशी त्याचा संबंध नाही. तिसरा प्रश्न असतो, हे कुठवर जाणार? त्याचं उत्तर इतकं सोपं नाही आणि ते सोपं करून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. हेलन बॉइड या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिकेने २००३ मध्ये ‘माय हजबंड बेटी’ हे पुस्तक लिहिलं. क्रॉसड्रेसर नवऱ्याची बायको म्हणून जगताना काय काय होतं, हे तिने त्यात मोकळेपणी मांडलं. चार वर्षांनी तिचं दुसरं पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो ‘मी लग्न केलं तो हा पुरुष नाही’, फक्त त्यात ‘हा’च्या जागी ‘ही’ आहे. मधल्या काळात जोडीदार स्त्री म्हणून जगण्याच्या वाटेवर बराच पुढे गेला होता. बहुतेकांच्या बाबतीत असं होत नाही, काहींच्या बाबतीत होतं. बायकोने हा प्रश्न विचारला तर ती संशयी ठरत नाही, शहाणी ठरते.

या सगळ्यावर एक निराळं उत्तर न्यूयॉर्कच्या उत्तरेला कॅट्स्किल डोंगरांत एका जोडप्याने शोधलं होतं. त्याचा माग लागला तो २००४ साली. मॅनहॅटनच्या एका जुन्या बाजारात रॉबर्ट स्वोप आणि मिशेल हर्स्ट या दोघांना फोटोंचा एक ढीग सापडला. फोटो साठीच्या दशकातले. त्यांतल्या बायका शेकोटीपाशी उभ्या आहेत, स्क्रॅबल खेळतायत, पाहुण्यांसारख्या नीटस बसल्यात. केस बसवलेले, गळ्यात मोत्यांची माळ, गुडघे जुळवलेले. नीट बघितलं की हाताची रुंद बोटं दिसतात, जबड्याची ठेवण दिसते, आणि उमगतं की हे सगळे पुरुष आहेत. नटव्यांचा भडकपणा कुठेच नाही. त्यांना कोणी अप्सरा व्हायचं नव्हतं. त्यांना शेजारची वहिनी व्हायचं होतं. मला त्या फोटोंतलं हे साधेपण सगळ्यात जास्त हलवतं.

ते फोटो जिथले, त्या जागेचं नाव ‘कासा सुझॅना’. मालकीण मारी टॉर्नेल. मॅनहॅटनमध्ये तिचं केसांच्या टोपांचं दुकान होतं, विगचं. एक दिवस एक पुरुष गिऱ्हाईक आलं आणि बहिणीसाठी विग हवा म्हणालं. तो विग कोणासाठी आहे हे मारीने तिथल्या तिथे ओळखलं, असं सांगतात. त्याचं नाव टिटो, मूळचा चिलीचा. बाईच्या वेशात तो सुझॅना व्हालेंटी व्हायचा. दोघांनी लग्न केलं. म्हणजे इथे गुपित लग्नाच्या आधीच, दुकानाच्या गल्ल्यापाशी फुटलं होतं. पुढचं सगळं त्यामुळे शक्य झालं, असं मला ठामपणे वाटतं. मारीने डोंगरातली आपली जागा अशा पुरुषांसाठी खुली केली. आधी त्या ठिकाणाचं नाव होतं ‘शव्हालिए देओन’. देओन हा अठराव्या शतकातला फ्रेंच मुत्सद्दी आणि हेर, आयुष्याची शेवटची तीसेक वर्षं स्त्री म्हणून जगलेला. नंतर दुसऱ्या गावी, जुएटला, ‘कासा सुझॅना’ उभं राहिलं. शनिवार-रविवारी शहरातून गाड्या यायच्या. उतरणारे लोक नोकरदार, व्यावसायिक, बहुतेक लग्न झालेले. काहींच्या बायकाही बरोबर असायच्या.

लपायला डोंगर का लागले, त्याला कायद्याचं कारण होतं. न्यूयॉर्क राज्यात वेश पालटून फिरण्याविरुद्ध १८४५ सालचा एक कायदा होता. तो मुळात बाईच्या कपड्यांसाठी नव्हताच. हडसनच्या खोऱ्यात आणि याच कॅट्स्किल भागात कुळांनी जमीनदारांविरुद्ध उठाव केला होता. वसुलीला आलेल्या अधिकाऱ्यांना ओळख पटू नये म्हणून शेतकरी तोंड झाकून, छिटाचे झगे घालून जमायचे. त्यांना आवरायला केलेलं कलम शंभर वर्षांनी शहरातल्या स्त्रीवेशातल्या पुरुषांना पकडायला वापरलं गेलं. झगे घातलेल्या शेतकऱ्यांच्या त्याच डोंगरांत हे लोक आसऱ्याला आले.

तिथे येणाऱ्यांत डोनाल्ड वोलहाइम होता. विज्ञानकथांच्या जगात त्याचं नाव मोठं, पुढे त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. त्याची बायको एल्सी त्याच्याबरोबर जायची. बेट्सी ही त्यांची मुलगी. सेबास्तियन लिफशिट्झ या फ्रेंच दिग्दर्शकाने २०२२ मध्ये ‘कासा सुझॅना’ हा माहितीपट केला, त्यात ती वडिलांबद्दल बोलते. एल्सी त्या सगळ्यांत वावरली, तिने ते सांभाळलं आणि गुपित ठेवलं. वोलहाइमने टोपणनावाने या मंडळींवर १९६६ मध्ये पुस्तक लिहिलं. एल्सीने लिहिलं नाही. मारीनेही नाही. आज आपल्याकडे सुझॅनाचे शब्द आहेत, कारण ती ‘ट्रान्सव्हेस्टिया’ नावाच्या मासिकात सदर लिहायची. मारी नुसती फोटोंत आहे.

हे मासिक १९६० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये व्हर्जिनिया प्रिन्सने काढलं. तीही अशीच स्त्रीवेश करणारी, औषधशास्त्रात पीएचडी. पहिला घटस्फोट झाला तेव्हा तिच्या कपड्यांची गोष्ट वर्तमानपत्रांत छापून आली होती, त्यामुळे बायकांचा प्रश्न तिला चांगलाच ठाऊक होता. १९६७ मध्ये तिने खास बायकांसाठी पुस्तक लिहिलं. त्याचा सूर असा, की बायकोने समजून घेतलं तर सगळं सुरळीत होतं. मला हा सूर खटकतो. संसार सावरायची जबाबदारी पुन्हा तिच्याच पदरात टाकलेली आहे. ॲनी वुडहाउस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईने १९८९ च्या आपल्या पुस्तकात यावर नेमकं बोट ठेवलं. ती या मंडळींत मिसळली आणि बायकांशीही बोलली. नवऱ्याने निर्माण केलेली ती स्वप्नातली बाई कायम नटलेली, निवांत आणि हौशी असते. तिला भांडी घासायची नसतात, पोरांचे डबे भरायचे नसतात. खरी बाई त्या वेळी स्वयंपाकघरात असते. अनेक बायकांना कपड्यांपेक्षा हे जास्त टोचलेलं असतं.

ज्यांचे संसार टिकले त्यांनी काय केलं? बहुतेकींनी थेट अटी घातल्या. माझे कपडे नाहीत, तुझे तू घे. मुलांसमोर नाही. आपल्या खोलीत नाही. महिन्यातून अमुक दिवस. पैसे अमुक इतके. हे वाचताना व्यवहारी वाटतं, पण ज्या घरांत सगळं धूसर राहतं तिथे एकाची हौस वाढत जाते आणि दुसऱ्याची चीड. काही जणी अटी घालून राहिल्या, काही जणी त्या वेशातल्या नवऱ्याबरोबर फिरायलाही गेल्या, काही निघून गेल्या. निघून जाणारीला कोत्या मनाची म्हणायचा अधिकार कोणालाही नाही. डोलोरेस आणि नॉर्मा यांनी काही पाप केलं नाही.

डॉक्टरकडे नेऊन हे ‘बरं’ होत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणानुसार यामुळे त्या माणसाला तीव्र त्रास होत असेल किंवा त्याचं रोजचं जगणं विस्कळीत होत असेल, तरच त्याला विकार म्हणायचं. नुसत्या आवडीला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२२ पासून लागू झालेल्या यादीतून हे निदानच काढून टाकलं. आपल्या कायद्यात पुरुषाने घरात साडी नेसणं हा गुन्हा नाही. म्हणून औषध, ताईत, शपथ यांवर पैसा आणि वर्षं घालवू नका. समुपदेशकाकडे जायचं तर दोघांनी जा, आणि ‘याला सुधारा’ म्हणून जाऊ नका. ‘आम्हाला एकमेकांशी बोलता येत नाहीये’ म्हणून जा.

हा लेख वाचणाऱ्यांत माळ्यावर ट्रंक असलेला कोणी असेल, हे मला माहीत आहे. त्याच्याशी थेट बोलते. तुमचं लग्न ठरायचं असेल, तर साखरपुड्याच्या आधी तिला सांगा. ट्रंक रिकामी केलीय म्हणून सांगायची गरज नाही, असं मानू नका. ती पुन्हा भरते, हे तुम्हाला आत कुठेतरी माहीत असतं. तिने नाही म्हटलं तर तो तिचा हक्क आहे, आणि लग्नानंतर उसवलेल्या शिवणीतून कळण्यापेक्षा ते दोघांनाही कमी लागेल. लग्न झालेलं असेल तर आजपर्यंत न सांगितल्याची माफी आधी मागा, कपड्यांची गोष्ट मग करा. आणि सांगून झाल्यावर ‘हे कोणाला सांगू नकोस’ एवढंच म्हणून थांबू नका. कोणाशी बोलायचं ते तिला निवडू द्या, बहीण, जुनी मैत्रीण किंवा समुपदेशक. तिला निदान एका माणसाशी बोलायची मोकळीक त्याच दिवशी, स्वतःच्या तोंडाने द्या.